उजवीकडचा चौथा पाटा

श्यामकांत कर्णिकांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात देखभाल खात्याचे अधिकारी म्हणून एकतीस वर्षं काढली, पण तिथल्या फिटरांनाही साहेबांची शिवी माहीत नव्हती. बदलापुरात शेजारच्या बायका कुंदाताईंना म्हणायच्या, तुम्ही भाग्यवान बाई, आमच्याकडे तर रोज भांडी आपटतात. कुंदाताई नुसत्या हसायच्या. भांडी आपटणारा माणूस निदान घरात आहे एवढं तरी कळतं, हे त्यांच्या ओठांवर यायचं आणि तिथूनच मागे फिरायचं.

कारण श्यामकांतांचा राग म्हणजे अबोला. काही बिनसलं की ते "बरं" एवढंच म्हणायचे आणि तिथून पुढे मिठाची गुळणी. आंघोळ वेळेवर, जेवण वेळेवर, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. घरात सगळं जिथल्या तिथे, फक्त शब्द नाही. कधी चार दिवस, कधी आठ, एकदा तर एकोणीस. मग एका सकाळी "आज आमटी झकास झालीय" असं म्हणून ते परत यायचे, जणू गावाला गेले होते. मधल्या दिवसांत आपलं काय चुकलं ते कुंदाताई शोधत राहायच्या. डाळ करपली होती का, कुणापुढे काही बोलून गेले का, माहेरी जास्त राहिले का. एखादी चूक सापडली की बरं वाटायचं, कारण मग निदान कारण तरी मिळायचं. बहुतेक वेळा काहीच सापडायचं नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि एवढ्या शोधाशोधीत एखादी बाई काशीला चालत जाऊन परत आली असती.

श्यामकांत नव्वद साली निवृत्त झाले. मुलगी नीलिमा लग्न होऊन बडोद्याला गेली होती. घरात दोघंच, आणि अबोला नसतानासुद्धा बोलायला विषय नसायचा. मग गाडी आली.

वांगणीला एका ओळखीच्या माणसाच्या शेतघरात ती आंब्याखाली बारा वर्षं पडून होती. छत नसलेली, दोनच माणसं बसतील अशी, जुनी इंग्रजी एमजी. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. श्यामकांतांनी ती ट्रकवर घालून आणली तेव्हा कुंदाताईंनी कपाळाला हात लावला. पण आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की नवरा बोलतोय. सकाळी चहाला बोलतोय, पोहे खाताना बोलतोय, जेवताना घास हातात धरून बोलतोय. गाडीच्या मागच्या दोन चाकांवर दोन कमानी असतात. एकेका कमानीत सहा पाटे, एकाखाली एक, खालचा वरच्याहून आखूड. खड्डा आला की ते एकमेकांवर घसरतात, म्हणून मधे गंज नको, ग्राफाइटचं ग्रीस हवं. पाट्याचं पोलाद लाल करून वाकवतात आणि तेलात विझवतात. पाण्यात घातलं की तडकलंच समजायचं. हे सगळं संक्रांतीच्या आसपास त्यांनी सांगितलं आणि कुंदाताई हं, हं करत ऐकत राहिल्या. पाट्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण घरात आवाज होता, आणि तो त्यांना हवा होता. तीस वर्षांत दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं त्यांना.

डावी कमान आधी सुटी झाली. मागच्या पडवीत पेपर पसरून सहा पाटे क्रमाने मांडले गेले. रॉकेलनं धुणं, तारेच्या ब्रशनं घासणं, मग पॉलिश पेपर. कुंदाताई पदर खोचून घासायला बसल्या तेव्हा श्यामकांत आधी नको नको म्हणाले आणि मग त्यांनी स्वतःच त्यांना पेपर कसा धरायचा ते दाखवलं. गंजाखालून पोलाद वर आलं की दोघंही वाकून बघायची. मग लाल ऑक्साइडचा हात, त्यावर काळा रंग. प्रत्येक पाट्यावर श्यामकांतांनी पंचनं बारीक ठिपके मारले होते, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. चार ठिपक्यांचा पाटा कुंदाताईंनी एकटीनं साफ केला. श्यामकांत म्हणाले, कारखान्यात असतीस तर तुला कायम केलं असतं.

उजवी कमान त्यांनी सुटी केली तो दिवस गुरुवार होता आणि कुंदाताई भजनाला गेल्या होत्या. पाच पाटे त्यांनी कापलेल्या पिंपात रॉकेलमध्ये बुडवले. चौथ्याला जखडलेली एक पट्टी निघेना, म्हणून तो बाजूला ठेवला. बाजूला म्हणजे नळाजवळ, जिथे गाडीचा सडका सायलेन्सर, फाटके पत्रे आणि गंजके नट यांचा ढीग होता. संध्याकाळी ते सहज म्हणाले, "नळाजवळचं ते भंगार कुणी मागितलं तर देऊन टाक. पायात येतं."

दुसऱ्या दिवशी चांगो आला. चांगो बारवी धरणाकडच्या ठाकूरवाडीतला. वर्षानुवर्षं तो कर्णिकांच्या बंबाला लाकडं आणायचा, कधी बायकोनं, येसूनं, दिलेली रानभाजी आणायचा. माघ सरत आला होता, भातरोपांची जमीन भाजायच्या राबासाठी झाडं छाटायचे दिवस आले होते, आणि त्याचा कोयता झिजून सुरीएवढा उरला होता. चहा पिता पिता त्याची नजर नळाजवळ गेली.

"बाई, ह्ये लोखंड टाकाचं हाय का? कोयत्याला बेस होल."

चिखलानं आणि गंजानं माखलेला तो दांडा, वर लटकलेली वाकडी पट्टी. पडवीत पेपरावर झोपलेल्या काळ्याभोर पाट्यांशी त्याचं काही नातं असेल असं देवालाही वाटलं नसतं. कुंदाताईंनी आनंदानं तो देऊन टाकला. भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापेक्षा कुणाच्या हातात गेलेला बरा, असा पुण्याचा विचारही त्यांच्या मनात आला.

रविवारी श्यामकांतांनी पिंपातले पाटे काढले, पुसले, मांडले. मग ते नळाजवळ गेले. मग परत आले. कुंदाताई तांदूळ निवडत होत्या.

"कुंदा, नळाजवळ एक पाटा होता."

पाटा हा शब्द ऐकला आणि त्यांच्या हातातलं सूप तिरपं झालं. "अहो, तो मी चांगोला दिला," त्या लगेच म्हणाल्या. "मला वाटलं भंगार आहे. मीच दिला."

श्यामकांतांनी हातातलं फडकं घडी घालून खिडकीत ठेवलं.

"बरं," ते म्हणाले.

झालं. पडवीतला ब्रश वाजायचा थांबला. गाडी विटांवर मागचा भाग टेकून बसली होती तशीच बसली. श्यामकांत पेपर वाचायचे, जेवायचे, संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन यायचे. कुंदाताईंना या वेळी चूक शोधावी लागली नाही, ती समोरच होती, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही. उलट दर वेळी वाटायचं त्यापेक्षा वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या घरात त्या पाहुण्यासारख्या पाऊल वाजवत नव्हत्या, ते घर दोन महिने घरासारखं झालं होतं, आणि ते त्यांनी आपल्या हातानं बंद केलं होतं. पाटा गेला त्याचं दुःख त्यांना नव्हतं. त्याच्याबरोबर नवरा गेला होता.

बुधवारी त्यांनी मुरबाडची एस.टी. पकडली आणि बारवीच्या अलीकडे फाट्यावर उतरल्या. वाडीपर्यंत अर्धा तास चाल होती. येसूनं बाज टाकली, कोरा चहा दिला, आणि नवऱ्याला हाक मारली. चांगो ऐनाच्या झाडावर होता. खाली आला तेव्हा त्याच्या हातात तो कोयता होता.

काय कोयता होता. पुढून बाकदार, मागून भरीव, धारेवर सकाळचं ऊन नुसतं बसलं होतं. चांगो सांगत होता की बांबू असा कापतो की बांबूला उशिरा कळतं. कुंदाताईंनी मग कसंबसं सांगितलं की ते लोखंड साहेबांच्या गाडीचं होतं. चांगोचा चेहरा उतरला. त्यानं कोयता धोतराला पुसला, उलटा केला आणि मूठ त्यांच्यापुढे धरली.

"घेऊन जा, बाई. साहेबाचा हाय, त माझ्या कनच्या कामाचा?"

येसू दाराशी उभी होती. तिनं वर झाडाकडे पाहिलं. अर्धं झाड छाटायचं बाकी होतं आणि त्यामागे अजून नऊ-दहा झाडं. कुंदाताईंनी कोयता हातात घेतला. हा आता कुठल्या अग्नीत घातला तरी पुन्हा पाटा होणार नव्हता. नेऊन काय करायचं, तर नवऱ्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, खोटं बोलत नाही. तेवढ्यासाठी यांचा राब अडवायचा? त्यांनी तो परत चांगोच्या हातात दिला आणि विचारलं, हा केला कुणी?

कुळगावच्या बाजाराशेजारी घिसाड्याचं पाल पडलं होतं. किसन आणि त्याची बायको सुंदराबाई. दर वर्षी शेतीची कामं सुरू होण्याआधी ते बैलगाडी घेऊन यायचे, विळे-कोयते करून द्यायचे आणि पावसाळ्याआधी निघून जायचे. कुंदाताई घरी न जाता थेट तिथे गेल्या. किसननं ऐकून घेतलं. उरलेल्या अर्ध्या पाट्याचं काय, तर उरलेलं लोखंड लोहाराचं असतं. त्याचे दोन विळे झाले आणि ते गेल्या बाजाराला गेलेसुद्धा. पण करता येईल, तो म्हणाला. पाट्यानं पाटा होतो. जीपचा जुना पाटा आणा, तो एवढ्याच रुंदीचा असतो. आणि गेलेल्याचा जोडीदार आणा, म्हणजे त्याच्याशी खम, म्हणजे बाक, जुळवता येईल.

"आन ज्याची गाडी त्यानं सोता समोर बसाया पायजे," किसन म्हणाला. "न्हाईतर मागनं म्हनत्यात, आसं नको हुतं आन तसं नको हुतं."

पाटा मिळेल, जोडीदारही घरात आहे. तिसरी अट जड होती.

घरी येऊन त्यांनी चार ठिपक्यांच्या डाव्या पाट्यावर शिवणाचा दोरा धरला, रुंदीला एक गाठ मारली, लांबीला दुसरी. श्यामकांत पेपरामागे होते. पेपर हलला नाही, पण पानही उलटलं नाही.

गुरुवारी भजन बुडवून त्या उल्हासनगरला गेल्या. जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत एक सिंधी गृहस्थ पाट्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसले होते. नऊवारी नव्हे पण चांगली इस्त्रीची पाचवारी नेसलेली बाई एकेका पाट्यावर दोरा ठेवून बघतेय, नको म्हणून खाली ठेवतेय, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, ये साडी नहीं है," ते शेवटी म्हणाले. "मॅचिंग नहीं मिलेगा. साहब को भेजो."

"साहब नहीं आएगा," कुंदाताईंनी त्यांच्या हिंदीत सांगितलं. "और मॅचिंगच मंगता है. ये जाडा है, ये झिजेला है. इसके बीचवाला दिखाओ."

गृहस्थ उठले. आतून तीन पाटे आले, तिसऱ्याला दोऱ्याची गाठ अचूक बसली. त्यांनी तो स्वतः पोत्यात गुंडाळून दिला, आणि साहब के पास टाइम हो तो उनको भी सिखा दो, असं म्हणून हात जोडले. कुंदाताईंना चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि ते कुणाला सांगायचं हा प्रश्न पडून लगेच विरलं.

किसनकडे आधीचं काम होतं, त्याला सोमवारपर्यंत सवड नव्हती. मधल्या दिवसांत त्यांनी गॅरेजमधून गाडीतलं काढलेलं काळं ऑइल एका डब्यात भरून, रिक्षानं नेऊन सुंदराबाईकडे ठेवलं. रविवारी रात्री पानं वाढल्यावर त्या भाताकडे बघत म्हणाल्या, "उद्या सकाळी आठ वाजता मी डावा चौथा पाटा घेऊन कुळगावच्या बाजारात जाणार आहे. घिसाड्याकडून त्याचा जोडीदार करून घेणार आहे. मालकानं समोर बसायचं असं त्याचं म्हणणं आहे. यायचं तर या."

श्यामकांतांनी ताक ओतून घेतलं. सकाळी आठ वाजता ते चपला घालून अंगणात उभे होते. प्रेमानं आले की एकुलता एक डावा पाटा परक्या हातात एकटा पाठवणं जिवावर आलं म्हणून आले, हे कुंदाताईंनी स्वतःलाही विचारलं नाही. त्यांनी पोतं उचललं तेव्हा श्यामकांतांनी ते त्यांच्या हातातून घेतलं.

सुंदराबाई घण घेऊन उभी होती. घिसाड्यांत तशीच रीत आहे, पुरुष लोखंड धरतो आणि बाई घण मारते. सुंदराबाई अंगानं काटकुळी, पण घण असा उचलायची की जणू सूप. किसननं जीपचा पाटा भट्टीत घातला, लाल झाल्यावर छिन्नीनं मापाला तोडला, पुन्हा तापवला आणि ऐरणीवर घेतला. त्याच्या उजव्या हातात छोटी हातोडी होती. तिनं तो पाट्यावर एका जागी टिचकी मारल्यासारखं टण् करायचा, आणि घण नेमका तिथे पडायचा. हातोडी इंचभर पुढे, घण पुढे. हातोडी हलकी वाजली की घण हलका. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण थांबला. मधे मधे दोघं काळा पाटा ताज्या पाट्यावर धरून फट बघायची आणि पुन्हा सुरू करायची.

पाऊण तास झाला. त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता. कुंदाताई दगडावर बसून बघत होत्या आणि त्यांना हेवा वाटत होता. ही दोघंही गप्प आहेत आणि आम्हीही गप्प आहोत, पण इथे काही सांगायचं राहत नाही. हिला कुठे मारायचं ते कळतं, कधी थांबायचं ते कळतं. मला तीस वर्षांत एकदाही कळलं नाही.

शेवटचा ताव आला. पाटा पिकल्या टोमॅटोसारखा लाल झाला, खम जोडीदाराशी जुळला, आणि किसन सांडशीत पाटा धरून सवयीनं डाव्या हाताच्या पाण्याच्या डोणीकडे वळला. विळ्याकोयत्यांची धार तो आयुष्यभर त्याच डोणीत विझवत आला होता. श्यामकांत दगडावरून अर्धे उठले. त्यांचं तोंड उघडलं, हात वर गेला, पण आवाज काही फुटला नाही.

"किसनभाऊ, पाण्यात नको," कुंदाताई म्हणाल्या. "तेलात. पाण्यात तडकेल तो." आणि त्यांनी पालाच्या कडेला ठेवलेल्या डब्याचं झाकण काढलं.

किसन थांबला. मग वळून त्यानं पाटा तेलात सोडला. काळा धूर उठला, जळक्या तेलाचा वास सगळ्या बाजारात गेला, आणि सुंदराबाई पदर नाकाला लावून हसली. बाईनं काळं तेल आणून ठेवलं तेव्हा तिला वाटलं होतं, शहरातल्या लोकांचा काही नवस असेल.

श्यामकांत अजून अर्धे उभेच होते. ते पाट्याकडे बघत नव्हते, कुंदाताईंकडे बघत होते.

पुढचं काम सावकाशीचं होतं. पाटा पुन्हा निखाऱ्यांवर हळूहळू शेकवला, वर वाळकी काडी घासून धूर निघतो का ते पाहिलं, आणि मग राखेत निवत ठेवला. निवल्यावर किसननं तो दोन दगडांवर पालथा ठेवला आणि मालकाला सांगितलं, उभे राहा. श्यामकांत चपला काढून पाट्यावर उभे राहिले. पाटा खाली गेला. ते उतरले, पाटा होता तसा वर आला. त्यांनी दोन्ही पाटे एकावर एक धरून उजेडाकडे बघितलं, फटीत नख घालून पाहिलं, आणि किसनच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना पोतं श्यामकांतांच्या हातात होतं. बाजार भरत होता. भाजीवाल्या, वाळलेल्या मासळीच्या टोपल्या, कासारणीपुढे हात धरून बसलेल्या दोन मुली. कुंदाताई पुढे चालत होत्या.

"तेलाचं तुझ्या लक्षात होतं," मागून आवाज आला.

नवव्या दिवशी. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरून आले होते आणि ते दाखवायचे नव्हते. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या. "पोहे खाताना."

"मला वाटायचं, तू नुसतं हं हं करतेस."

एरवी कुंदाताई इथेच थांबल्या असत्या. नवरा परत आला, पुष्कळ झालं, आता कशाला खपली काढायची. पण सकाळभर घणाचा आवाज ऐकला होता त्याचा परिणाम असेल. त्या थांबल्या आणि वळल्या.

"पाटा मी दिला. त्याच क्षणी कबूलही केला. मग नऊ दिवस कसला राग होता तुम्हाला माझा?"

श्यामकांतांना प्रश्न खरोखरच कळला नाही असं दिसलं. "तुझा राग?" ते म्हणाले. "तुझा कशाला येईल? भंगारात तो मीच ठेवला. देऊन टाक असंही मीच म्हणालो. आणि तू चटकन म्हणालीस, मीच दिला. मग मी काय बोलणार?" त्यांनी पोतं या हातातून त्या हातात घेतलं. "लाज वाटते गं. कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आपली सांगायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. आणि जेवढे दिवस जातात तेवढं जड होत जातं."

"आणि आजपर्यंत जे गप्प बसलात ते?"

"बहुतेक वेळा असंच."

कुंदाताईंना संताप आला. असा संताप त्यांना कधी आला नव्हता. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी माझी चूक शोधत होते. रात्र रात्र जागून शोधत होते. डाळीत शोधली, बोलण्यात शोधली, माझ्या माहेरच्यांत शोधली. आणि चूक तुमच्या खिशात होती!" भाजीवाली बघू लागली. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "म्हणा आता. माझी चूक झाली म्हणा."

"इथे?"

"इथेच."

श्यामकांतांनी इकडे तिकडे पाहिलं. मग पोत्याकडे बघत ते पुटपुटले.

"तीस वर्षांचं आहे," कुंदाताई म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

"माझी चूक झाली," श्यामकांत म्हणाले, आणि आवाज मोजायची सवय नसल्यामुळे तो भलताच मोठा निघाला. कासारणीच्या हातातली बांगडी मुलीच्या मनगटाशी थांबली. एका मासळीवालीनं दुसरीला कोपरानं डिवचलं. कुंदाताईंना हसू फुटलं, आणि ते आवरता आवरेना. श्यामकांतही हसले. मग ते चालू लागले, आणि चार पावलांवर पुन्हा थांबले.

"पहिल्यापासून सांगू?"

"सांगा."

"लग्नानंतर तुझी आई पहिल्यांदा आपल्याकडे राहायला आली होती. तेव्हा मी पाच दिवस बोललो नव्हतो. त्यांनी आपल्यासाठी भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. ते लावताना माझ्या हातून पडलं. मी ते दुरुस्तीला दिलं म्हणालो. ते दुरुस्त होण्यासारखं नव्हतंच."

कुंदाताईंचं हसू थांबलं. त्यांना तो आठवडा आठवत होता. जावयाला आपलं राहणं आवडलं नाही असं आईला वाटू नये म्हणून त्यांनीच तिसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून दिलं होतं. वडिलांच्या औषधाचं कारण काढलं होतं. तिनं मुकाट्यानं पिशवी भरली होती. त्यांचं त्यांनाच ठरवता येईना की रडावं की आणखी भांडावं. एक मन म्हणालं की गप्प बसावं, आणि त्या मनाचं आता त्या ऐकणार नव्हत्या.

"आई त्यानंतर कधी राहायला आली नाही," त्या म्हणाल्या. "येऊन संध्याकाळी परत जायची. मरेपर्यंत."

"माहीत आहे," श्यामकांत म्हणाले. त्यांनी पोतं खाली, रस्त्यातच ठेवलं. "माझी चूक झाली, कुंदा."

हे त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं, आणि ते त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.